नाकाशी सूत

ग्रिम्सबी, पहाटेचे चार वाजून दहा.
गोदीवरून खारा वारा दारापर्यंत आलेला.
ट्रॉलीवर व्हर्नन ब्लँचर्ड;
चाळीस वर्षं हॅडक कापत आलेले हात
निळे पडत चाललेले.

नळी मीच घातली.
"गेली," म्हणाले, छातीठोकपणे.
छाती दुसऱ्याची असली की सोपं जातं.
स्वरतंतूंमधून जाताना पाहिली होती, या डोळ्यांनी.
नळीत वाफ धरली होती.
स्टेथोस्कोपला डावीकडे काहीतरी, उजवीकडे काहीतरी;
ऐकायचंच असलं की कान काहीही ऐकतात.

पडद्यावरची पिवळी रेघ मात्र
सपाट.
हंबरच्या मुखाशी ओहोटीत चिखल पडून असतो, तशी.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले.
ग्लेनिसने उत्तर दिलं नाही.
बारीक नळी सोडवून
स्वतः तिच्यात एक फुंकर घातली.
पडद्यावर लगेच टेकाड उगवलं.
ग्लेनिसचं.
"काढ," ती म्हणाली. डॉक्टर वगैरे न म्हणता.

अन्ननलिका, श्वासनलिका :
एकाच भिंतीला टेकलेली दोन बिऱ्हाडं.
चुकीच्या दारातून आत गेलीस
तर तिथलं कोणी "कोण आहे?" म्हणत नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला,
शाळेत वाक्यात उपयोग केला होता मी.
इथे लागतो.

देवरूखला आप्पाकाकांच्या नाकाशी
सूत धरलं होतं वैद्यांनी.
हललं.
अर्धा मिनिट आम्ही सगळे हसत होतो, रडत होतो,
मग कोणीतरी खिडकी लावली.

काढली.
मास्क, पिशवी, ग्लेनिसचे दोन्ही हात.
पुन्हा आत गेले, या वेळी काही न बोलता.

आणि पिवळी रेघ उठली :
उभा चढ, वर सपाट, मग एकदम कडा,
आमच्याकडचा सडाच.
एक. दोन.
तिसऱ्याला माझा हात थरथरला.
सात होईपर्यंत
कोणी घड्याळाकडेसुद्धा पाहिलं नाही.

कॉरिडॉरमध्ये त्याची बायको,
हातरुमालात त्याची कवळी बांधून धरलेली.
"श्वास घेतोय ना?"

"सोडतोय," मी म्हणाले.
ती बघतच राहिली.
मग सुधारून म्हटलं,
"हो. घेतोय."