चल

जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या पाठीशी
आमची एवढीशी खोली. मे महिना. बाहेर त्रेचाळीस.
वाजेद बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणतो,
हातोडीनं फोडतो, थर्मासात भरतो.
हे आमचं शून्य.
निम्मं वाटेतच गळालेलं, तरी शून्यच.

शून्यात सेन्सर बुडवायचा, वीस मिनिटं गप्प बसायचं.
मग वाचायचं: शंभर पूर्णांक दोन दशांश ओहम.
हवे होते नेमके शंभर.
म्हणजे हा अर्धा अंश वाढवून सांगतो.
त्याचा राग नाही.
रोज तेवढंच वाढवत असेल तर चालतंय.

लातूरला हुडगे सर फळ्यावर दोन रेघा ओढायचे,
आडवी आपली, उभी त्याची.
"आपण ठरवतो ते स्वतंत्र चल,
त्याच्यामागं फरफटत येतं ते अवलंबी चल."
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "चल मग,"
आणि पुढचा तास तिथंच संपायचा.

त्याच वर्षी मला ताप आला होता.
मेसच्या गयाबाईनं भाकरी उलटता उलटता
तव्यावरचा हात माझ्या कपाळावर ठेवला.
"गारच हाय की गं. कामून झोपलीस? ऊठ."
संध्याकाळी एकशे दोन निघाला.
तिचा हात खोटं बोलत नव्हता,
तो चुलीपासून मोजत होता.

दुपारी वीज जाते. पंखा थांबतो,
पत्रा हळूहळू खोलीत उतरतो,
शेवटचा आकडा जागेवर राहीना होतो.
वाजेद पेन धरून विचारतो,
"मॅडम, हे कोणत्या रकान्यात?"
ह्याला रकाना नाही.
खाली बारीक अक्षरात लिही: खोली तापली.

उद्या हा सेन्सर बियाण्याच्या गोदामात जाईल.
तिथं बर्फ नसेल, ठरवणारं कुणी नसेल.
आधी ओहम येतील,
त्यावरून लोक उष्मा ओळखतील.
आडवी रेघ उभी, उभी आडवी.
इथं जे मागं मागं येत होतं
त्याच्याच मागं तिथं सगळे जातील,
पोत्यातलं न उगवलेलं सोयाबीनसुद्धा.

मी चिठ्ठी चिकटवते: वजा अर्धा. तारीख. सही.
उरलेलं शून्य ओंजळीत घेते,
बोटं बधिर होईस्तोवर धरते
आणि हात कपाळाला लावते.

"ताप हाय का, मॅडम?"
माहीत नाही रे, वाजेद.
हात गार आहे.