एकोणीस सप्टेंबर

मेक्सिको शहरात, ओब्रेरा वस्तीत,
एउलालियाबाई अठराच्या रात्रीच
कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडतात.
"उद्या नाहीये," गॅसवाल्याला सांगतात, "परवा ये."

पंच्याऐंशी साली गुरुवार होता.
सकाळी सात एकोणीसला धाकटी बहीण ब्राउलिया
शिवणकारखान्यात सुईत दोरा ओवत असणार.
ओवला गेला की नाही, सांगायला कोणी उरलं नाही.
तोर्तियांच्या चवडीसारखे
मजल्यावर मजले बसले.
ढिगाऱ्यातून आधी शिलाई यंत्रं निघाली,
बाया नंतर.

तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला
शहर रंगीत तालीम करतं.
पळू नका, ओरडू नका, ढकलू नका.
सतरा साली अकराला तालीम संपली,
पोरं वर्गात परतली, कोणीतरी जांभई दिली,
आणि दोन तासांनी नाटकच सुरू झालं.
भोंगा आणि भुई एकदमच.
मग रस्त्यात एका धुळकट माणसाने मूठ वर केली,
त्याचं पाहून दुसऱ्याने, मग सगळ्या गल्लीने.
म्हणजे गप्प.
एवढं मोठं बडबडं शहर
सिमेंटखालचा एक श्वास ऐकायला
स्वतःचा धरून उभं राहिलं.

नातू तादेओ शाळेत गणित शिकवतो.
"योगायोग आहे आजी. जमिनीला महिने कळत नाहीत."
"तुला कळतात ना? मग तू घरी थांब."
तो थांबला नाही.
बावीस साली सोमवार होता.
तालीम आटोपून पाऊण तास झाला होता,
फळ्यावर संभाव्यतेचं उदाहरण अर्धं होतं,
खडू आधी हलला, मग फळा.

संध्याकाळी चालत घरी आला.
बाई काही बोलल्या नाहीत.
पावाचा कोरडा तुकडा पुढे केला;
धसका बसला की इथे पाव खातात,
रिकाम्या पोटात भीती घर करते म्हणून.
त्याने चावून चावून खाल्ला.

"ब्राउलियाचं दुःख आहेच रे,"
बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या,
"पण ही तारीख सोकावलीय."

तादेओने या खेपेला योगायोग म्हटलं नाही.
टेबलावर कालच फाडलेलं पान पडलं होतं.
"याचं काय करू?"

"मागून कोरं आहे.
वाण्याची यादी लिही.
पाव सहा. मेणबत्त्या.
पांढरा दोरा, एक रीळ."