दोन संधी शिल्लक

सोहारच्या टायपिंग ऑफिसात, दुपारच्या अजाननंतर,
मी टेबलाखाली पाठीवर पडून
कार्ड रीडरची वायर मागच्या पोर्टात खुपसतो.
हिरवा दिवा लागतो. एवढं तरी कळतं त्याला.

पण पिनपॅडची बटणं मुकी.
ड्रायव्हरला ती दिसतच नाहीत;
तो आकडे मागतो स्क्रीनवर, सगळ्यांदेखत,
आणि खुर्चीतले मैनोद्दीनभाई, मूळ गाव औसा,
माझी मराठी ऐकून सैलावलेले,
वाकून कानात सांगू लागतात नंबर.

'नको,' मी म्हणतो, 'मलाही नको.
ह्या पॅडचं कामच ते:
आकडा थेट कार्डाच्या चिपला द्यायचा,
कॉम्प्युटरला नुसतं हो, नाहीतर नाही.'

ते हसतात. 'म्हणजे आमच्यासारखंच की.
घरी फोन लावला की, बरंय. बास.'

जुना ड्रायव्हर काढला. नवा टाकला.
एका फाइलीत ह्या यंत्राचा क्रमांकच
लिहायचा राहिला होता, कंपनीकडूनच.
चार अक्षरं. तीन तास.

आता पॅडच्या इवल्या काचेवर: पिन टाका.
सिमेंटनं उललेला अंगठा
चारदा टेकतो.
चूक. दोन संधी शिल्लक.

मी भिंतीकडे तोंड करून उभा.
कॅलेंडर मागच्या वर्षीचं, अजून एप्रिलवर.
पाठीमागे पुटपुट: 'थोरलीचा जन्म... नाही नाही,
ती झाली तेव्हा मी इथंच होतो,
तारीख कुणीतरी फोनवर सांगितलेली.'

मग टिक. टिक. टिक.
चौथ्याला वेळ लागतो.