पोस्ट बॉक्स आठशे बारा

बसमधल्या मुलीने तीनदा सांगितलं:
साडेचारला परत या, जहाज कुणासाठी थांबत नाही.
गळ्यात कार्ड. कार्डावर आडनाव, मग माझं नाव,
मधले वडील गाळलेले.

बाबुल बहरीनच्या कमानीखाली आमचा ग्रुप पांगला.
सगळे मोती बघायला.
घाटपांडेबाईंनी तर कानातले जहाजावरच काढून ठेवले होते,
नव्यांना जागा म्हणून.
मी विचारत विचारत पोस्टात आले.

तेहतीस वर्षं मी विट्याच्या पोस्टात टपाल लावलं.
"मारुतीच्या मागे", "पाटलांच्या विहिरीला लागून",
"नायकवड्यांचा मळा, कुत्रं आहे, हाक मारावी".
पत्ता म्हणजे चालत जाता येतं ते, अशी माझी समजूत.
मोरूदादाचा मात्र नुसता आकडा:
पोस्ट बॉक्स आठशे बारा, मनामा.
अकरा वर्षं मी तो पाकिटांवर लिहिला
आणि दर वेळी आई विचारायची,
"पेटीत कसा राहतो गं तो?"

भिंतभर पेट्या.
आठशे नऊ, आठशे दहा,
आठशे बारा पार गुडघ्याशी. वाकावं लागलं.
दार माझ्या तळव्याएवढं.
किल्लीच्या भोकाभोवती पितळ झिजून उजळलेलं,
देवळाच्या पायरीसारखं, म्हणणार होते,
पण नाही,
आमच्या शिक्क्याच्या मुठीसारखं.

शेजारची पेटी उघडायला एक केरळी म्हातारा आला.
कुर्यन. हिंदी माझ्याहून बरी.
म्हणाला, एक बॉक्स म्हणजे एक माणूस नाही, बहनजी,
एक कंपनी. साठ-सत्तर माणसं.
शुक्रवारी कुणी तरी पिशवी भरून कॅम्पवर न्यायचा,
स्टुलावर उभा राहून नावं पुकारायचा.
मी विचारलं, आमच्याकडची नावंसुद्धा?
तो हसला. तोडूनमोडून.
पण ज्याचं त्याला बरोबर कळायचं.

मोरेश्वर.
घरी त्याला अख्ख्या नावाने
कुणी कधी हाक मारली नाही.

कुर्यन गेल्यावर मी बोटाच्या पेराने
दोनदा वाजवलं दारावर.
मग हळूच पुकारलं,
माझ्या परीने तोडूनमोडून.
आत बहुतेक कुणाचं तरी विजेचं बिल असेल.

परत आला तेव्हा दादा फार बोललाच नाही.
गोदीत काय करायचास रे?
रंग.
कसला रंग?
खालचा.
आणि लुंगीत गुंडाळलेला अर्धा डबा काढून
त्याने अंगणाचं फाटक रंगवलं,
वाळल्या मिरचीच्या रंगाचं.
आई म्हणाली, हा कसला अवलक्षणी रंग.
समुद्र आमच्यापासून एक घाट आणि चार तालुके लांब.
एकतीस पावसाळे झाले, फाटकाला गंज नाही.
दादाला जाऊन मार्गशीर्षात दोन वर्षं होतील.

येताना बसमध्ये घाटपांडेबाईंनी कान पुढे केला,
"खरे आहेत ना गं?"
मी न बघता हो म्हटलं.

धक्क्यावर जहाज उभं,
खिडक्यांवर खिडक्या, बारा मजले पांढरे.
सकाळी उतरताना मी वरच बघत होते.
आता खाली पाहिलं.
पाण्याला टेकते तिथे, हलणाऱ्या पाण्यातून
दिसत-लपत, वीतभर पट्टा.
आमचं फाटक.

रांग पुढे सरकली, मी नाही.
मागून कुणी तरी बॅग लावली पाठीला.
कार्ड बघणारा पोरगा म्हणाला, मॅडम, नाव?
पूर्ण सांगितलं, वडिलांसकट.
त्याने यंत्रात शोधलं.
एवढं नाव तिथे नव्हतं.
तरी सोडलं त्याने आत.