खाट क्रमांक सतरा

सोहार बंदरामागच्या कॅम्पात मी टाइमकीपर.
हर्णैहून नाझनीनचा फोन, आवाज मधूनच तुटतो:
अब्बा, एकास एक फलन कसं ओळखायचं?
प्रांत दिलाय, विस्तार दिलाय,
बाई म्हणाल्या, नुसतं बघून सांगा.

मी समोरच्या रजिस्टरात बघतो.
डावीकडे एकशे बारा नावं, उजवीकडे छप्पन्न खाटा.
प्रत्येक माणसाला खाट आहे, एकच आहे,
म्हणजे फलन आहे, त्यात खोट नाही.
पण सतरावर दिवसा झोपतो सिल्हेटचा मुनीर
आणि रात्री वेल्डर कुंजप्पन.
दोन बाण, एकच टोक.
हे एकास एक नव्हे.

मग उलट कसं यायचं, खाटेवरून माणसाकडे?
नाही येता येत.
सतरा म्हटलं की खाट गप्प बसते.

(आठ महिन्यांत दोघं भेटले ते जिन्यात,
एक चढताना, एक उतरताना.
कुंजप्पन झोपण्याआधी उशी उलटी करतो:
एक बाजू त्याची, एक मुनीरची.
हे कधी ठरलं, रजिस्टरात नाही.)

बरं, पुस्तकातलं घे. वर्ग कर.
तीनचे नऊ, ऋण तीनचेही नऊच.
नवाला विचारलं, बाबा रे, कुठून आलास,
तर तो दोन्हीकडे बोट दाखवतो.
आता प्रांत काप.
ऋण सगळं टाकून दे, शून्यापासून पुढचं ठेव.
झालं एकास एक.

एवढंच? ती हसते.
एवढंच, मी म्हणतो.
ऋण टाकायलाच मीही कापला होता प्रांत,
अकरा वर्षं झाली,
आणि कापलेल्या बाजूला तू होतीस, पाच वर्षांची,
पायात एकच चप्पल.
हे तिला सांगत नाही. परीक्षेला नसतं.

गेल्या मंगळवारी मुनीरचा व्हिसा संपला.
पट्टी धरून मी त्याचं नाव खोडलं.
सतरापुरतं आता एकास एक.
कुंजप्पन अजून उशी उलटी करूनच निजतो.

अब्बा, अजून एक.
एखादी खाट रिकामीच राहिली तर?
चालतं. एकास एकला चालतं ते.
विस्तारात नाही धरायची ती,
सहप्रांतात मात्र असते.

तिकडून पडवीत काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो,
लाकडी, जड.
लिहून घेतलं, ती म्हणते.