पास्कूची मरणं

पंचायतीच्या खिडकीतून शिवदासने अर्ज पुढे सरकवला.
मास्तर, म्हणाला, मरणाचं कारण लिहा.
जिभेवर आलं होतं:
कुठल्या मरणाचं?

डेन्झिल पॅस्को, कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीतल्या फिटरचा मुलगा.
बोरीच्या पोस्टमनने पहिलं पाकीट वाचलं
आणि पॅस्कोचा पास्कू करून टाकला.
नाव आमच्यातलंच. रंग तेवढा पाखल्याचा.

सतराव्या वर्षी समुद्राकाठच्या एका गावी नाटक कंपनीत शिरला.
या सोमवारी पाद्री, पुढच्या सोमवारी खुनी,
दुपारी सेटच्या भिंती रंगवायच्या
आणि रात्री त्याच ओल्या भिंतीला न टेकता प्रेम करायचं.
कपडे ज्याचे त्याने आणायचे.
ह्याच्याकडे एकच सूट, कोपरावर विरलेला,
म्हणून वाट्याला कारकून आले, कर्जबाजारी भाऊ आले.
लंडनला तीन हंगाम भाला धरून उभा.
एका रात्री राजा तापाने पडला.
राजाची सगळी भाषणं पास्कूला पाठ,
पण मुकुट डोक्याला सैल झाला, कानांवर उतरला,
तेव्हा दुसऱ्या कुणाचं डोकं शोधलं.
हे सांगताना तो हसायचा नाही.
करवंटीत सिगारेट विझवायचा.

सिनेमात तो मरायला जायचा,
बहुधा अकराव्या मिनिटाला.
बाणाने, जिन्यावरून, सूपातल्या विषाने,
एकदा होडी उलटून, वीतभर पाण्यात.
आई पहिली दोन मरणं रडली,
मग विणकाम घेऊन जायला लागली.

गोव्यातही आला तो पोर्तुगीज कप्तान होऊन.
बेतुलच्या वाळूवर चार दिवस मरत होता,
पाचव्या दिवशी निर्मात्याचे पैसे संपले.
सिनेमा डब्यात राहिला, बाकीचे विमानाने गेले.
"मी इथे मेलोय, मास्तर. परत कसा जाऊ?"
नाईकांच्या कुळागरात दोन खोल्या, बावीस वर्षं.

जत्रेच्या नाटकात मी प्रॉम्प्टर.
त्या साली आमचा फिरंगी अधिकारी मोटारसायकलवरून पडला
आणि पास्कूला वाक्य मिळालं:
"तलवार घ्या. मुलं तेवढी सगळी सोडा."
महिनाभर 'सगळी'तला ळ तो नाईकांच्या गाईला ऐकवत होता.

रात्रीचे अडीच. लाकडी तलवार त्याने खाली ठेवली
आणि गप्प.
मी विंगेतून शब्द दिला. गप्प.
पुन्हा दिला, पहिल्या रांगेतल्या बायकांनी ऐकला,
शेंगा सोलणारे हात थांबले.
मी नऊ आकडे मोजले.
मग तो म्हणाला, हळू, बिछान्यातल्या पोराशी बोलावं तसं:
"मुलं तेवढी... सगली सोडा."
कुणी हसलं नाही.

विसरलास ना? मी मागे जाऊन खेकसलो.
"शब्द होता, मास्तर.
तलवार द्यायला वेळ लागतो."

शेवटच्या दोन वर्षांत शब्द खरेच गेले.
आधी किल्ली, मग दूध, मग बायकोचं नाव.
मी बाल्कांवात समोर बसायचो.
तो थांबला की कळायचं नाही,
हा नट थांबलाय की म्हातारा.
म्हणून नवापर्यंत मोजायचो,
मग हलकेच सांगायचो: मॉरीन.

गुरुवारी सकाळी पोदेराने त्याला खुर्चीत पाहिलं.
दोनदा भोंगा वाजवला, पाव टेकून वाट पाहत राहिला,
कारण पास्कूने त्याला असं आधीही फसवलं होतं.
मी आलो. मीही मोजलं.
नवाच्या पुढे गेलो.

मागे रेशनकार्डवाल्यांची रांग वाढतेय.
शिवदास पेनाने खिडकी ठोकतो:
काय मास्तर, विसरलात?
नाही रे.
शब्द आहे.
जरा थांब.