चारही पाय

फरहूद हिजरवरून गाडी नेतो तेव्हा
काच वर चढवतो, रुमाल नाकावर ओढतो
आणि चाळिशीच्या लेकीला लहानपणचंच बजावतो:
मान खाली. थांबायचं नाही.
इथलं पाणी कणीक भिजवायलासुद्धा घ्यायचं नाही.
मागे हौद्यात दोन उंटिणी, एक गाभण.
हिस्सा मान खाली घालते.
मांडीवरच्या वहीत मात्र अक्षरं
मान वर करून बसलेली.

थमूद.
म्हातारे सांगतात, थमद म्हणजे वाळूतला उथळ खळगा.
पाऊस येऊन गेला की चार दिवस ओंजळभर टिकतो,
पाचव्या दिवशी तोंड लावावं
तर दातांत रेती.
असल्या नावाची माणसं. किती टिकणार.

उत्तरेच्या एका राजानं कोरून घेतलं:
लांबच्या वाळवंटातले,
ज्यांना ना मुकादम माहीत ना सुभेदार,
त्यांना मी हाणलं,
उरलेले उचलून परमुलखात नेऊन बसवले.
एवढंच. कुणाच्या किती शेळ्या, ते नाही.

ग्रंथात आहे ते फरहूदला तोंडपाठ:
एक दिवस पाणी उंटिणीचं, एक दिवस त्यांचं.
पाळी सोसली नाही. तिच्या पायांच्या शिरा तोडल्या.
मग एका पहाटे एक आवाज
आणि आपापल्या घरात सगळे पालथे.

डोंगरातली ती कोरीव घरं?
सर्वेवाले म्हणतात, घरं नव्हेत, थडगी,
आणि तीही दुसऱ्याच लोकांची.
हे फरहूदला सांगून उपयोग नाही.
तो विचारतो, मग काय, मेले नाहीत का?

हिस्सा सर्वेत फीत धरते, रोजावर.
दुपारभर खडक गप्प असतो.
ऊन तिरपं झालं की बोलायला लागतो.
त्या मंगळवारी, वाऱ्यानं खाल्लेल्या कपारीत,
गुडघ्याच्या उंचीवर (म्हणजे लिहिणारा बसला होता):

मी गौस, यस्मरचा मुलगा.
उंटीण राखतो. पाणी अजून दोन दिवसांवर.
आणि तिची आठवण येते.

तिची म्हणजे कुणाची, लिहिलेलं नाही.
थमूद हा शब्दही कुठं नाही.
तो स्वतःला बापाच्या नावानं ओळखत होता,
हिस्सा ओळखते तसाच.
'थमूदी' ही चिठ्ठी नंतरची,
खोक्यावर काहीतरी लिहावं लागतं म्हणून.

खाली उंटीण काढलेली. मान वाकडी,
मदार म्हणजे नुसता एक उंचवटा,
डोळा विसरलाच आहे.
पण पाय चारही.
मागचे दोन जास्त खोल.
हिस्सानं त्या चरात बोट ठेवलं,
नख बुडेल एवढं आत गेलं.
दगडानं दगड किती दिवस घासला असेल.

रात्री बापाला सांगितलं.
तो बाभळीच्या काटक्या मोडत राहिला.
कॉफी उतू गेली, निखारा चुरचुरला.
खूप वेळानं म्हणाला:
'मारणाराही आधी राखतोच.'
याला हिस्साकडे उत्तर नव्हतं.
सर्वेवाल्यांकडेही नसतं.
तिनं भांडं विसळलं, पालथं घातलं.

मग अंधारातून,
'नाव काय म्हणालीस?'
'गौस.'
'माझ्या चुलत्याचं,' तो म्हणाला,
आणि कूस बदलली.

परतताना हिजरपाशी त्यानं रुमाल ओढला,
मान खाली घातली. थांबला नाही.
काच मात्र बोटभर उघडी राहिली,
विसरला असेल.
मागे गाभण उंटीण मान बाहेर काढून
हुंगत होती तो लाल डोंगर,
वळणाआड जाईपर्यंत.

पाणी पुढच्या पंपावर भरलं.
आधी उंटिणींना.